पांढरं आभाळ, काळे ठिपके

(दृश्य : मे महिना, सकाळचे अकरा. यावलहून रावेरकडे जाणारा रस्ता. दोन्ही हातांना केळी, वर आभाळ.)

मे महिन्यात खानदेशचं आभाळ निळं राहत नाही. दहा वाजले की ते पांढरं पडतं आणि दुपारी तर वर बघवत नाही. पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळत असतो. या पांढऱ्या आभाळावर काही माणसांना आणखी काहीतरी दिसतं. काळा ठिपका. केसाचा तुकडा. वळलेला धागा. कुणाला अर्धवट कडं. डोळे फिरवले की तेही फिरतं. नीट बघायला जावं तर बाजूला सरकतं, आणि नजर थांबली की तरंगत तरंगत पुन्हा मध्ये येतं.

डॉक्टर याला फ्लोटर्स म्हणतात. आपल्याकडे लोक सांगतात, "डोळ्यासमोर माशा उडतात."

(दृश्य : केळीचा पिलबाग. एक शेतकरी पान उलटं करून उजेडाकडे धरतो.)

रावेर तालुक्यातल्या या काकांचं वय पासष्ट. सगळं आयुष्य केळीत गेलं. करप्याची सुरुवात शोधायची तर पान असंच उजेडाकडे धरून बघावं लागतं. आधी बारीक पिवळट रेघ, मग तपकिरी ठिपका. वेळेत सापडला तर फवारणी करून बाग सावरता येतो, उशीर झाला तर पानं जळतात आणि घड भरत नाहीत. काकांना आता जवळजवळ प्रत्येक पानावर ठिपका दिसतो. ते अंगठ्याने पुसून बघतात, मग डोळे इकडेतिकडे फिरवतात. ठिपका पानावरच राहिला तर करपा, नजरेबरोबर सरकला तर डोळ्यातला. तरी खात्री होत नाही.

"मग पोराला हाक मारतो," ते म्हणतात. "त्याला विचारतो, हा तुला दिसतो का रे?"

बागेच्या आत, पानांच्या गर्द सावलीत, त्यांचा त्रास जवळजवळ नाहीसा होतो. बांधावर पाऊल ठेवलं की पुन्हा सुरू. हा मनाचा खेळ नाही, त्याला कारण आहे.

(दृश्य : डोळ्याचा उभा छेद दाखवणारं साधं रेखाचित्र.)

डोळ्याचा मागचा मोठा भाग एका पारदर्शक जेलने भरलेला असतो. त्याचं नाव व्हिट्रियस. हे जेल साधारण ४ मिलिलीटर असतं आणि त्यातलं ९८ ते ९९ टक्के नुसतं पाणी. उरलेल्या टक्का-दोन टक्क्यांत कोलॅजनचे अतिशय बारीक धागे आणि हायलुरोनिक आम्ल असतं. त्यांच्या आधारानेच एवढं पाणी जेल होऊन राहतं. वय वाढत जातं तसं हे जेल जागोजागी पातळ होतं. सुटे झालेले धागे एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात, आणि त्या गुठळ्यांची सावली मागच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर पडते. आपल्याला दिसते ती ही सावली. भगभगीत उन्हात डोळ्याची बाहुली आकसते, उजेड बारीक छिद्रातून आत येतो आणि सावलीच्या कडा धारदार होतात. केळीच्या सावलीत बाहुली मोठी होते, त्याच कडा पुसट होतात.

पन्नाशी-साठीनंतर अनेकांचं जेल आकसून पडद्यापासून सुटं होतं. डोळ्याच्या मुख्य नसेच्या तोंडाशी त्याची गोल पकड असते. ती सुटली की ते कडं समोर तरंगायला लागतं. त्याला वाइस रिंग म्हणतात. काकांच्या डाव्या डोळ्यात आहे ती हीच.

(दृश्य : दवाखान्याबाहेरचा बाक. माणसं वाट बघत बसलेली.)

ही फिल्म करताना ज्यांना ज्यांना भेटलो, त्या प्रत्येकाला कुणी ना कुणी एक वाक्य सांगितलेलं होतं. "काही नाही, सवय होईल."

हे वाक्य बहुतेक वेळा खरं असतं. गुठळ्या हळूहळू खाली बसतात, मेंदू त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. माझ्याही उजव्या डोळ्यात एक धागा आहे आणि आता दिवसदिवस त्याची आठवण होत नाही. पण हे वाक्य उच्चारण्याआधी एक तपासणी व्हायला हवी, आणि उच्चारून झाल्यावर समोरच्याचं ऐकून घ्यायला हवं. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी फार वेळा राहून जातात.

(दृश्य : धुळे. एका अभ्यासिकेची खोली. ट्यूबलाइट, टेबलांच्या रांगा.)

ही ताई तेवीस वर्षांची आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी करते. चष्म्याचा नंबर उणे आठ. जवळचा नंबर मोठा असला की डोळ्याचा गोळा लांबट असतो आणि जेल लवकर पातळ व्हायला लागतं, म्हणून म्हातारपणाचा समजला जाणारा हा त्रास तिला विशीतच गाठतो. पांढरं पान उघडलं की ओळींवरून धागे सरकतात. मोबाइलचा पडदा, पांढरी भिंत, सकाळची गच्ची, सगळीकडे तेच.

घरी तिने सांगितलं, "माय, डोयासमोर काहीतरी फिरस."

आई म्हणाली, "रातभर वाचस, म्हनीसन व्हस."

माय काळजीनेच बोलली. पण वाचनाने हे होत नाही. मोबाइलनेही होत नाही. पांढऱ्या पडद्यावर ते फक्त उठून दिसतं. पोरीला मात्र कित्येक महिने वाटत राहिलं की हे आपण अभ्यास करून ओढवून घेतलं आहे.

दवाखान्यात तक्ता वाचायला लावला तर ती चष्म्यासह शेवटच्या ओळीपर्यंत बिनचूक वाचते. कागदावर नजर ६/६. मग तक्रार कसली? गोम इथेच आहे. तक्त्यावरची अक्षरं पांढऱ्यावर ठळक काळी असतात. रोजच्या जगण्यात राखाडीवर राखाडी ओळखावं लागतं. संध्याकाळचा रस्ता, पुसट छपाई, धुळीतून समोर येणारी गाडी. फरक ओळखण्याची ही ताकद, कॉन्ट्रास्ट सेन्सिटिव्हिटी, फ्लोटर्समुळे कमी होऊ शकते आणि ती मोजता येते. जेलमधली गढूळता किती आहे, ते डोळ्याच्या सोनोग्राफीत दिसतं. म्हणजे हा त्रास पुराव्यासह मांडता येतो. फक्त तशी तपासणी करायला कुणाला सुचलं पाहिजे.

२०११ मध्ये सिंगापूरच्या डॉक्टरांनी फ्लोटर्सच्या २६६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णांना एक अवघड प्रश्न विचारला होता : यातून सुटका होणार असेल तर उरलेल्या आयुष्यातला किती काळ द्याल? सरासरी उत्तर होतं, दर १० वर्षांमागे १.१ वर्ष. ज्याला आपण "काही नाही" म्हणतो, त्यासाठी माणसं आयुष्यातलं एक वर्ष सोडायला तयार होती. हा आकडा मला प्रत्येक नेत्रतज्ज्ञाच्या टेबलावर लिहून ठेवावासा वाटतो.

(दृश्य : शहादा. घराचा ओटा, खाटेवर बसलेले एक निवृत्त एसटी चालक.)

आता दुसरी बाजू, आणि इथे नीट लक्ष द्या.

नाना आयुष्यभर रात्रीच्या गाड्या चालवत आले. एका संध्याकाळी त्यांना वाटलं, चिलटांचा थवाच समोर आला. हाताने वारलं तरी जाईना. अंधारात डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं झालं. नानांचं म्हणणं होतं, कापसाचे पैसे आले की दाखवू. सून आशा कार्यकर्ती आहे. तिने ऐकलं नाही. "नाना, थांबायचं नाही," म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने त्यांना घेऊन निघाली.

पडद्याला बारीक फाट होती. जेल सुटताना जिथे घट्ट चिकटलेलं असतं तिथे पडदा ओढला जातो आणि कधी कधी फाटतो. फाटीतून पाणी मागे शिरलं की पडदा भिंतीवरून निखळायला लागतो. नानांच्या फाटीभोवती त्याच दिवशी लेसरचे डाग देऊन ती जागा बांधून टाकली. नजर वाचली. माशा अजून उडतात, पण त्याबद्दल ते अवाक्षर काढत नाहीत.

अचानक आलेले ठिपके किंवा चमक घेऊन नेत्रतज्ज्ञाकडे पोचणाऱ्यांमध्ये साधारण १४ टक्के लोकांच्या पडद्याला फाट सापडते. म्हणजे सातांत एक. म्हणून अचानक ठिपक्यांचा पाऊस पडला, कडेला चमक दिसली किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखा अंधार आला, तर त्याच दिवशी निघायचं. वेचणी संपायची वाट बघायची नाही, लग्नघर आहे म्हणून थांबायचं नाही. मोठा नंबर असलेल्यांनी, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांनी, डोळ्याला मार लागलेल्यांनी जास्तच जपावं. मधुमेह असेल तर आतल्या रक्तस्रावामुळेही असे ठिपके येतात.

तपासणीला बाहुली मोठी करणारं औषध घालतात. अर्धा तास बसावं लागतं, नंतर काही तास अंधुक दिसतं. मोटरसायकल स्वतः चालवत जाऊ नका. सोबत कुणाला तरी न्या आणि काळा चष्मा घ्या.

सातपुड्याच्या डोंगरातल्या धडगाव, मोलगीकडच्या माणसाला "त्याच दिवशी" म्हणजे काय, ते आम्ही तिथल्या घाटातून जाताना पाहिलं. जीप भरेपर्यंत ती हलत नाही. पडद्याचा तज्ज्ञ तर त्याहून दूर.

(दृश्य : शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाखालचा डोळा.)

मग उपाय काय? आजच्या घडीला या गुठळ्या विरघळवतो असं सिद्ध झालेला कुठलाही थेंब नाही, गोळी नाही, चूर्ण नाही. डोळ्यात मध किंवा दूध तर अजिबात घालू नका, जंतू जातील.

एक उपाय आहे, व्हिट्रेक्टॉमी. रॉबर्ट माखेमर यांनी १९७० मध्ये अमेरिकेत मायामीला ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली. जेल कापून काढायचं आणि त्या जागी द्रव भरायचा. तेव्हा त्यांचं हत्यार जवळपास दीड मिलिमीटर जाड होतं. आता अर्ध्या मिलिमीटरच्या किंवा त्याहून बारीक छिद्रातून काम होतं, टाकेही बहुधा लागत नाहीत. माशा खरोखर जातात. पण पन्नाशीपुढच्यांचा मोतीबिंदू वेगाने वाढतो, आणि थोडा का होईना, पडदा निखळण्याचा किंवा आत जंतुसंसर्ग होण्याचा धोका राहतो. धुळ्याच्या ताईसारख्या तरुण डोळ्यात जेल पडद्याला घट्ट धरून असतं. तिथे हात घालणं आणखी जोखमीचं.

दुसरा उपाय याग लेसर. गुठळीवर लेसरचे ठोके देऊन ती फोडायची. अमेरिकेत ५२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. खरा लेसर मिळालेल्यांपैकी ५४ टक्क्यांना आराम वाटला, नुसता देखावा केलेल्यांपैकी ९ टक्क्यांना. चांगला आकडा आहे, पण हे सगळे रुग्ण काकांसारखे, वाइस रिंग असलेले होते. ताईचे धागे पडद्याला खेटून आहेत. तिथे लेसर मारला तर पडद्यालाच इजा व्हायची.

म्हणजे ज्यांच्यापुढे अख्खं आयुष्य पडलं आहे, त्यांच्यासाठीच आज सर्वांत कमी पर्याय आहेत.

(दृश्य : प्रयोगशाळा. काचेच्या नळीतला हिरवा द्रव.)

बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात यावर काम चालू आहे. सोन्याचे अतिसूक्ष्म कण किंवा डोळ्यांच्या तपासणीत आधीपासून वापरला जाणारा एक हिरवा रंग गुठळीवर चिकटवायचा आणि त्यावर लेसरचा अगदी क्षणिक झोत टाकायचा. कणांभोवती वाफेचे सूक्ष्म बुडबुडे उठतात, फुटतात आणि त्या धक्क्याने धागे तुटतात. याग लेसरच्या मानाने ऊर्जा फारच थोडी लागते. २०१९ मध्ये त्यांनी हे शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी जेलवर करून दाखवलं. दवाखान्यात मिळणारा उपचार व्हायला अजून बऱ्याच पायऱ्या आहेत. पडद्याला ते निर्धोक आहे का, उरलेल्या कणांचं काय होतं, हे कळायला हवं.

तरीही मला हे काम फार मोलाचं वाटतं. कारण कुणीतरी या त्रासाला त्रास मानलं आणि त्यावर वर्षं घालवली.

(दृश्य : एका गावातलं मोतीबिंदू शिबिर. शाळेचा व्हरांडा, रांग.)

खानदेशात गावोगाव मोतीबिंदूची शिबिरं होतात. त्यांनी हजारो म्हाताऱ्या माणसांना दृष्टी परत दिली आहे. याच शिबिरांच्या अर्जावर दोन ओळी वाढवता येतील : डोळ्यासमोर नव्याने काही तरंगतं का? कडेला चमक दिसते का? ज्याचं उत्तर हो येईल, त्याची बाहुली मोठी करून पडदा बघायचा, किंवा त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवायचं. आशाताईंना ही लक्षणं एका बैठकीत शिकवता येतात. शहाद्याच्या सुनेने ते करून दाखवलंच आहे.

(दृश्य : पुन्हा धुळे. ताईच्या हातात वही.)

पडद्याच्या तज्ज्ञांकडे जाण्याआधी ताईने वहीत प्रश्न लिहून नेले होते. माझं जेल सुटलं आहे का? पडद्यावर कुठे पातळ जागा आहे का? कॉन्ट्रास्टची तपासणी होईल का? काय दिसलं तर लगेच यायचं? नवीन उपचाराच्या चाचण्या सुरू झाल्या तर मला कोण सांगेल?

डॉक्टरांनी पाचही प्रश्न वाचले. जेल अजून सुटलेलं नाही. एका कडेला पडदा पातळ आहे, म्हणून दर सहा महिन्यांनी यायचं. कॉन्ट्रास्टची तपासणी त्यांनी स्वतःहून लिहून दिली. शेवटच्या प्रश्नापाशी ते थांबले आणि म्हणाले, "दर वेळी मला विचारत जा. म्हणजे मलाही वाचून ठेवावं लागेल."

आता ती पिवळसर कागदावर नोट्स काढते, मोबाइलचा पडदा काळा ठेवते, खिडकीकडे पाठ करून बसते. उन्हात जाताना रुंद काठाची टोपी घालते. आईला तिने सगळं समजावून सांगितलं आहे. पूर्वपरीक्षेचा अर्जही भरला आहे.