उतारवयात दात सरळ करताना

श्रोतेहो, नमस्कार.

दातांना तारा लावायच्या म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आठवी-नववीतली एखादी मुलगी येते आणि तिच्यासोबत, लग्नाच्या आत हिचे दात सरळ होतील ना, असे काळजीने विचारणारी तिची आई येते. त्या आईच्या स्वतःच्या तोंडात काय चालले आहे हे मात्र कोणी विचारत नाही, आणि तीही सांगत नाही. गेली पंचवीस वर्षे मी सोलापुरात वाकडे दात सरळ करण्याचेच काम करते आहे, आणि आज मला त्या आईविषयी, म्हणजे आता आजी झालेल्या त्या आईविषयी बोलायचे आहे. साठी उलटलेली आहे, तोंडात एखादी कॅप, शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेल्या जोडदातांचा एखादा ब्रिज, दोन-तीन रूट कॅनॉल आणि एक-दोन रिकाम्या जागा आहेत, अशा माणसाचे दात सरळ करता येतात का, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर असे की, करता येतात. परंतु त्या तोंडाचा आणि त्या शरीराचा सगळा जुना हिशेब आधी डॉक्टरांपुढे मांडावा लागतो.

दात काही हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक अतिशय पातळ थर असतो, साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचा. तारेचा हलका दाब पडू लागला की दात ज्या बाजूला सरकायचा असतो त्या बाजूचे हाड शरीर थोडे थोडे विरघळवते आणि मागे मोकळ्या झालेल्या बाजूला नवे हाड भरते. हे काम सोळाव्या वर्षी चालते तसेच पासष्टाव्या वर्षीही चालते. उतारवयात त्याची सुरुवात तेवढी सावकाश होते. रूट कॅनॉल केलेला दातसुद्धा सरकतो, कारण रूट कॅनॉलमध्ये आतली नस काढलेली असते आणि बाहेरचा तो तंतूंचा थर शाबूत असतो. इम्प्लांट, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी हाडात बसवलेले धातूचे मूळ, मात्र सरकत नाही. स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांना १९५२ साली सशाच्या हाडाचा अभ्यास करताना टायटॅनियम धातू हाडाशी घट्ट जुळून जातो असे आढळले, आणि १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे इम्प्लांट बसवले. ते हाडाशी जुळते म्हणूनच टिकते, आणि हाडाशी जुळते म्हणूनच ते पुढे कोणत्याही तारेला दाद देत नाही. म्हणून आधी दात सरळ करावेत आणि मग इम्प्लांट बसवावे. पुन्हा सांगते, आधी दात सरळ, मग इम्प्लांट.

आता मी आपल्याला एका मावशींची हकिकत सांगणार आहे. त्यांची परवानगी मी घेतलेली आहे. नाव सांगणार नाही.

या मावशी कडक भाकरीचा व्यवसाय करतात. घराच्या मागच्या पडवीत तीन चुली, हाताखाली चार बायका, बाजरीची आणि मंगळवेढ्याकडच्या मालदांडी ज्वारीची भाकरी, आणि जोडीला उखळात कुटलेली शेंगा चटणी. माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचे वय ६४ होते. वरचे पुढचे दात पुढे झुकून मधे फट पडली होती आणि ते दात जरासे हलतही होते. मला वाटले, त्या दिसण्याबद्दल बोलतील. त्या म्हणाल्या, "मॅडम, भाकरी नीट वाळली का नाही ते मला दातानं कळायचं. कडेला दात लावला की कट्ट वाजायची. आता सुनेला चावायला लावून विचारावं लागतंय, आणि तिला काही ते कळत नाही."

बरोबर आलेला मुलगा वाईट नव्हता. त्याने काळजीनेच विचारले की, या वयात तारा कशाला, सगळे दात काढून कवळी बसवली तर चालणार नाही का? मावशी त्याच्याकडे न बघताच म्हणाल्या, "माझ्या भाकरीच्या पैशातनं करणार हाय मी. तू फक्त गाडीवर आणून सोड." श्रोतेहो, घरातल्या बाईच्या दातांवर खर्च करण्याची वेळ आली की आपल्याकडे तिचे वय काढले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते, आणि त्या दिवशी मावशींनी दिलेल्या उत्तराने मला फार बरे वाटले.

मावशींच्या तोंडाचा हिशेब असा होता. डावीकडची खालची एक दाढ तीस वर्षांपूर्वी काढलेली होती आणि ती जागा तशीच रिकामी राहिली होती. एका दाढेने काय होते, असे आपण म्हणतो. होते असे की, मागची दाढ त्या रिकाम्या जागेत आडवी कलते, समोरची वरची दाढ खाली उतरू लागते, मागच्या बाजूचा आधार खचतो आणि चावण्याचा सगळा भार पुढच्या दातांवर येतो. त्यात हिरड्यांचा आजार असेल तर ते पुढचे दात पंख्यासारखे फाकतात. मावशींचे नेमके हेच झाले होते. उजवीकडे तीन दातांचा ब्रिज होता आणि वरच्या पुढच्या एका दाताला रूट कॅनॉल करून कॅप घातलेली होती. हे सारे कधी केले, कोणी केले, याचा एकही कागद त्यांच्याकडे नव्हता. या बाबतीत माझे मत ठाम आहे. दाताचे कोणतेही काम झाले की त्याचा एक्स-रे आणि कोणत्या दाताला काय केले याची चिठ्ठी मागून घ्यावी आणि ती रेशनकार्डाच्या पिशवीत घराच्या कागदांबरोबर जपून ठेवावी. आम्ही डॉक्टर मंडळींनीही ती न मागता द्यायला हवी.

पहिले चार महिने मी तारेला हातच लावला नाही. हिरड्यांना सूज असताना दातावर दाब दिला तर आधीच कमी झालेले हाड आणखी वेगाने झिजते, म्हणून हिरड्यांचे उपचार आधी पूर्ण करावे लागतात. मावशी पहाटे चूल पेटवली की मिश्री लावत असत. आपल्या भागात कितीतरी आयाबाया मिश्रीला दात घासण्याची पूड समजतात. ती भाजलेली तंबाखू आहे. तिच्याने हिरड्या खाली सरकतात, दातांची मुळे उघडी पडतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. मावशींनी ती सोडली, आणि पहिल्या महिन्यात त्यांची सकाळ किती जड गेली हे त्यांच्या सुनेने मला नंतर सांगितले. चार महिन्यांनी हिरड्या घट्ट झाल्या आणि मी तारा बसवल्या.

आणि मग काहीच घडेना. पहिला महिना गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. या काळात दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकायला हवा होता. मावशींची आडवी दाढ जिथल्या तिथे होती आणि पुढची फटही तेवढीच होती. मी विचार केला की दाब कमी पडत असावा, आणि त्यापेक्षा जाड तार घातली. श्रोतेहो, ही माझी चूक होती. जाड तारेने दाढ सरकली तर नाहीच, उलट ठणकू लागली. शिवाय खालच्या जबड्यातली एक किडलेली अक्कलदाढ काढायची, असे मी पुढच्या पंधरवड्यासाठी ठरवून ठेवले होते.

त्याच सुमारास त्यांचा कॅपवरचा ब्रॅकेट, म्हणजे तार धरून ठेवणारी दातावर चिकटवलेली छोटी पट्टी, निघाला. दुखत आहे म्हणून मी म्हणाले, रविवारी दवाखाना बंद असतो, तरी तुम्ही सकाळी सात वाजता या, मी उघडते. तर मावशी म्हणाल्या, "रविवारी सकाळी नको मॅडम. त्या दिवशी हाडाची गोळी असते. उपाशीपोटी घ्यायची, ग्लासभर पाणी प्यायचं आणि अर्धा तास ताठ बसायचं, आडवं व्हायचं नाही."

मी विचारले, हाडाची गोळी कधीपासून घेता? "झाली की चार वर्षं. मनगट मोडलं होतं, तवापासनं."

मी त्यांना पहिल्या दिवशी रक्तदाब विचारला होता, साखर विचारली होती, हृदयाचे विचारले होते. आणखी काही औषधे आहेत का, हेही विचारले होते, आणि त्या नाही म्हणाल्या होत्या. त्या खोटे बोलल्या नव्हत्या. आठवड्यातून एकदा घ्यायची, मनगटासाठी दिलेली गोळी दातांच्या डॉक्टरांना कशाला सांगायची, असे त्यांना वाटले, आणि कोणालाही तसेच वाटेल. विचारणे हे माझे काम होते आणि मी ते अर्धवट केले होते. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून देतात ती ॲलेन्ड्रोनेटसारखी गोळी हाड विरघळवणाऱ्या पेशींना आवरते. म्हणूनच हाडे टिकतात. परंतु दात सरकायला त्याच पेशींची गरज असते. शिवाय ही औषधे घेणाऱ्या काही थोड्या रुग्णांमध्ये दात काढल्यानंतर जखम भरत नाही आणि जबड्याचे हाड उघडे पडते. ती अक्कलदाढ काढायला अवघे नऊ दिवस राहिले होते.

मी त्याच दिवशी जाड तार काढली आणि मावशींच्या हाडांच्या डॉक्टरांशी बोलले. गोळी आपल्या मनाने कधीही बंद करायची नसते, हेही येथे सांगून ठेवते. आम्ही दोघांनी मिळून बेत बदलला. अक्कलदाढ न काढता तिला रूट कॅनॉल करून ठेवली. रिकाम्या जागी इम्प्लांट बसवण्याचा विचार सोडला आणि दाढ उभी झाल्यावर तिच्या आधाराने ब्रिज करायचे ठरवले. पुन्हा सगळ्यांत बारीक तार घातली आणि प्रत्येक दात सरळ रेषेत आणण्याचा हट्ट सोडून, चावता येईल आणि हिरड्या स्वच्छ ठेवता येतील एवढेच ध्येय ठेवले. चौदा महिन्यांचे काम सव्वीस महिन्यांवर गेले. तेव्हापासून माझ्या दवाखान्यात, कोणती औषधे चालू आहेत, असे नुसते विचारले जात नाही. औषधांची पिशवी घेऊन या, असे सांगितले जाते. रोजची गोळी, आठवड्याची गोळी, सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे इंजेक्शन, जुन्या चिठ्ठ्या, सगळे. श्रोतेहो, औषधांची पिशवी घेऊन जा.

जुन्या कामांचे काय होते, तेही थोडक्यात सांगते. पोर्सेलीनच्या कॅपवर ब्रॅकेट सहजासहजी चिकटत नाही. त्यासाठी कॅपचा पृष्ठभाग वेगळ्या आम्लाने खरखरीत करावा लागतो, आणि शेवटी ब्रॅकेट काढताना कॅपचा टवका उडू शकतो. मावशींचा ब्रॅकेट दुसऱ्यांदा निघाल्यावर मी ती कॅपच काढली आणि उपचार चालू असेपर्यंत प्लॅस्टिकची तात्पुरती कॅप घातली. ब्रिजमधले दात एकमेकांना बांधलेले असतात, त्यामुळे त्यांतला एक दात सरकवायचा झाला तर ब्रिज मधे कापावा लागतो. मावशींच्या उजव्या बाजूला सरकवण्यासारखे काही नव्हते, म्हणून तो तसाच ठेवला. त्यामुळे ज्यांना नव्या कॅप किंवा नवे ब्रिज करायचे आहेत, त्यांनी ते दात सरळ झाल्यावरच करावेत, म्हणजे एकाच कामाचा खर्च दोनदा होणार नाही. काढता-घालता येणारे पारदर्शक अलायनर, म्हणजे तारांऐवजी दातांवर घालायचे साचे, कॅप असलेल्या तोंडात पुष्कळदा सोयीचे पडतात, मात्र ते दिवसातले वीस-बावीस तास घालावे लागतात. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आल्याशिवाय सुरुवात करू नये. दात दुखले तर मनाने गोळी घेऊ नये, कारण आयबुप्रोफेनसारख्या काही वेदनाशामक गोळ्यांनी दात सरकण्याचे काम मंदावू शकते. पॅरासिटामॉल चालते का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे.

मावशींच्या तारा निघाल्या. पुढची फट मिटली, डावीकडे ब्रिज बसला, वरच्या दाताला नवी कॅप आली. हिरडी मागे सरकल्यामुळे दोन दातांच्या मधे हिरडीलगत काळसर त्रिकोण दिसतात, ते तसेच राहिले. वयस्क माणसाला हे आधी सांगायला हवे, आणि मी सांगितले होते. पुढच्या दातांच्या मागच्या बाजूला एक बारीक तार कायमची चिकटवलेली आहे आणि रात्री घालायची प्लेट आहे. उतारवयात ही प्लेट वर्ष-दोन वर्षांत सोडता येत नाही, ती कायम वापरावी लागते, कारण गेलेले हाड परत आलेले नसते आणि दात पुन्हा फाकू शकतात. प्लेट गार पाण्यानेच धुवावी. गरम पाण्यात तिचा आकार बिघडतो.

पुढच्या दातांनी कडक भाकरी तोडायला मी त्यांना आजही मनाई केलेली आहे. हे ऐकून त्या बराच वेळ काही बोलल्या नव्हत्या. आता त्या भाकरी कानाजवळ धरून हाताने मोडतात, आवाज ऐकतात आणि तुकडा डाव्या दाढेखाली घालून चावतात. यंदा सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेआधीच्या गर्दीतही तपासणीची तारीख त्यांनी चुकवली नाही. खुर्चीत बसण्याआधी त्यांनी माझ्या टेबलावर एक कापडी पिशवी ठेवली. तिच्यात रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, ओपीजीचा, म्हणजे संपूर्ण जबड्याचा, मोठा एक्स-रे घडी न पडू देता गुंडाळून ठेवलेला होता, आणि सगळ्यांत वर रविवारच्या गोळीचे पाकीट होते.

नमस्कार.