गोपनीयतेचं वचन कुठपर्यंत?

संशोधनासाठी शाळेत, वसतिगृहात, वस्तीत मुलांशी बोलायला जाताना आपण संमतिपत्र नेतो. त्यात एक वाक्य हमखास असतं : ‘तू सांगितलेलं कुणालाही कळणार नाही.’ संशोधन करणाऱ्या तुम्हा सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, हे वाक्य काढून टाका. ते तुम्हाला पाळता येणार नाही.

२०१२च्या पोक्सो कायद्याचं, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, कलम १९ कुणालाही लागू आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं समजलं, किंवा होईल अशी भीती वाटली, तर विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवावंच लागतं. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही. संशोधकाला सूट नाही. ‘आधी गाइडना विचारते, मग एथिक्स कमिटी ठरवेल’ असं म्हणून ही जबाबदारी टळत नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला मात्र कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचं प्रकरण तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. वसतिगृहातल्या अल्पवयीन मुलींवर अत्याचार झाले आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ते कळवलं नाही, असा आरोप होता. डॉक्टरांविरुद्धचा गुन्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रद्द केला. २ नोव्हेंबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे आणि बहुतेक वेळा तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचा प्रयत्न असतो, असं न्यायालयाने बजावलं.

यावर आक्षेप येतो, की मग मुलं बोलणारच नाहीत. तो मी हलक्यात घेत नाही. केंद्र सरकारच्या २००७च्या अभ्यासात १३ राज्यांतली १२,४४७ मुलं बोलली, आणि त्यांतल्या ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. तेव्हा पोक्सो नव्हता. आज तोच अभ्यास करायचा तर निनावी प्रश्नावली हा एक मार्ग उरतो. पण नाव कळू नये म्हणून निनावी आणि हात झटकायला निनावी, यांत फार अंतर आहे. निदान त्या कागदावर १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर ठळक छापा.

खरी अडचण सतरा वर्षांच्या मुलीच्या प्रेमसंबंधाची आहे. अठरा वर्षांखाली तिची राजीखुशी कायदा मानत नाही, म्हणून तेही कळवावं लागतं. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचं नाव न देता कळवण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना सप्टेंबर २०२२मध्ये दिली. संशोधकांना तशी नाही. ती मिळायला हवी असं माझं ठाम मत आहे. तोवर असे प्रश्न समोरासमोर विचारण्याआधी दहादा विचार करा.

संमतिपत्रात काय लिहायचं? साधं लिहा : ‘तुझं बोलणं मी जपून ठेवेन. पण कुणी तुला त्रास देतंय असं कळलं, तर मदत करू शकणाऱ्यांना मला सांगावं लागेल.’ हे मुलाखतीच्या आधी मोठ्याने वाचून दाखवा. तरीही एखादी मुलगी अत्याचाराबद्दल बोलली, तर खोदून खोदून विचारू नका. तिचे शब्द जसेच्या तसे टिपा. पोलिसांचं नाव काढताच ती घाबरेल. जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घेतात, शक्यतो महिला अधिकारी घेतात, त्या गणवेशात नसतात, आणि रात्री तिला ठाण्यात ठेवता येत नाही, हे सगळं तिला त्याच वेळी, तिच्या भाषेत सांगा.