पांढऱ्यातले टोन: एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन

पांढरी किटली किंवा प्लास्टरचे शिल्प रंगवायला बसलेला विद्यार्थी बहुधा सुरुवातीलाच ट्यूबमधला शुद्ध पांढरा रंग उजेडाच्या बाजूवर लावून मोकळा होतो आणि पुढे चकाकीचा ठिपका द्यायची वेळ आली, की त्याहून उजळ असे त्याच्यापाशी काहीच उरलेले नसते. यात दोष हाताचा नाही. प्रकाश कमीजास्त झाला तरी वस्तूचा मूळ रंग ओळखता यावा, म्हणून आपली दृष्टी छायेतला करडेपणा परस्पर वजा करते. रोजच्या व्यवहारात ही सोय मोलाची आहे. चित्रकाराला मात्र हीच वजाबाकी थांबवायला शिकावे लागते.

पांढरा रंग स्वतःवर पडलेल्या प्रकाशापैकी साधारण ८० ते ९० टक्के प्रकाश परत फेकतो आणि काळा रंग जेमतेम ४-५ टक्के. त्यामुळे पांढऱ्या वस्तूच्या छायेतल्या भागावर उजेडातल्या भागाच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी प्रकाश पोहोचत असेल, तर तो भाग उजेडातल्या काळ्या कापडापेक्षाही गडद असू शकतो. हे ऐकून पटते, पण समोर पाहताना डोळा ते मानायला तयार होत नाही, आणि म्हणूनच नुसते निरखून पाहणे पुरत नाही. शेजारी तुलनेला काहीतरी ठेवावे लागते.

या बाबतीत मला अठराव्या शतकातला फ्रेंच चित्रकार ज्याँ-बाप्तिस्त उद्री सर्वांत जवळचा वाटतो. १७४९ साली पॅरिसच्या रॉयल अकादमीत दिलेल्या व्याख्यानात त्याने आपल्या गुरूंची, निकोला द लार्जिलिएर यांची, आठवण सांगितली. त्यांनी फुले रंगवायला सांगितली तेव्हा उद्री रंगीबेरंगी फुले घेऊन आला, आणि गुरूंनी त्याला सगळी पांढरीच फुले आणायला परत पाठवले. चांदीचे भांडे रंगवायचे असेल, तर त्याच्याजवळ पांढरे कापड, कागद, सॅटिन, चिनी माती अशा वस्तू ठेवून पाहा, असेही तो सांगतो, कारण चांदीचा पांढरा यांपैकी कोणाचाच नाही हे एकदा कळले, की तो कसा आहे हे आपोआप उमगू लागते. १७५३ साली त्याने रंगवलेल्या पांढऱ्या बदकाच्या चित्रात पिसे, कापड, कागद, चिनी मातीचे भांडे, चांदीची मेणबत्तीदाणी आणि मागची फिकट भिंत असे किती तरी पांढरे एकत्र आले आहेत, आणि त्यातला एकही दुसऱ्यासारखा नाही.

आपल्या अभ्यासातही हाच क्रम ठेवावा. शुद्ध पांढऱ्या कागदाचा तुकडा वस्तूशेजारी त्याच उजेडात धरा, डोळे किलकिले करा आणि वस्तूचा सर्वांत उजळ भाग त्या कागदाहून किती उतरलेला आहे ते ठरवा. मन्सेलच्या उजळपणाच्या ० (काळा) ते १० (पांढरा) या मापात उजेडाची बाजू ८ च्या आसपास ठेवली, तर चकाकीसाठी वर जागा शिल्लक राहते. कॅनव्हासवर आधी मध्यम करडा हात देऊन घ्यावा, कारण कोऱ्या पांढऱ्यावर लावलेला प्रत्येक टोन, म्हणजे उजळ-गडदपणाची पायरी, गरजेपेक्षा काळा भासतो आणि घाबरून आपण सगळे चित्र फिकट करत नेतो.

परावर्तित प्रकाशापाशी मात्र फार सावध राहायला हवे. पांढऱ्या टेबलावरून उसळलेला उजेड वस्तूच्या छायेत इतका शिरतो की ती बाजू प्रकाशमान वाटू लागते. तरीही एकच मुख्य प्रकाश असताना, एकाच वस्तूवर, छायेतला सर्वांत उजळ टोन उजेडातल्या सर्वांत गडद टोनपेक्षा सहसा खालीच राहतो. हे दोन गट एकमेकांत मिसळले, की गोलाई गेलीच म्हणून समजा. उष्ण (तांबूस-पिवळ्या) आणि शीत (निळसर) छटांचा विचार त्यानंतर करावा, कारण टोन चुकलेला असेल तर छायेतली सुंदर निळीही त्याला सावरू शकत नाही.

कडांचेही तसेच आहे. किटलीची उजेडातली कड आणि मागची पांढरी भिंत यांचा टोन खरोखर एक झाला असेल, तर तिथे रेघ ओढून वस्तू वेगळी काढण्याचा मोह टाळावा आणि ती कड भिंतीत विरघळू द्यावी; दुसऱ्या बाजूची छाया आणि खाली पडलेली सावली एवढ्यावर पाहणारा तो आकार स्वतःच पूर्ण करतो.