वाळणारं झाड आणि बुंध्याशी पडलेला भुसा

नमस्कार मंडळी. जंगलातलं एखादं झाड वाळायला लागलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काय फवारायचं?" एक तर ऐंशी-शंभर फुटांच्या झाडावर तुम्ही फवारणार कसं? आणि दुसरं म्हणजे, ज्या किड्याला आपण आरोपी ठरवतो तो पुष्कळदा झाड खंगल्यानंतर आलेला असतो. मूळ दुखणं दुष्काळाचं, वणव्याचं, नाहीतर मुळाशी लागलेल्या बुरशीचं असतं. म्हणून आज फवारणी बाजूला ठेवू आणि झाड वाचायला शिकू.

सुरुवात बुंध्यापासून करा. सगळे मान वर करून शेंडा बघतात, पण पुरावा खाली पडलेला असतो.

[पडद्यावर: बुंध्याशी साचलेला भुसा, जवळून]

हा भुसा बोटांत घेऊन चोळा. पिठासारखा बारीक आणि तांबूस-तपकिरी असेल, तर काम सालीत चाललंय, म्हणजे सालीखाली राहणारे छोटे भुंगे. पांढरट असेल तर कुणीतरी लाकडात शिरलंय. आणि जाडसर, तंतू-तंतू असलेला, ओलसर भुसा ढिगाने पडत असेल, तर आत लांब मिशांच्या भुंग्याची मोठी अळी खोड पोखरतेय असं समजा. भुसा ताजा आहे की जुना, हेही बघा. जागा झाडून ठेवा आणि दोन दिवसांनी परत या. नवा भुसा पडला असेल तर आतलं काम चालू आहे.

आता खोडावरची भोकं. इथे बहुतेक जण फसतात. स्वच्छ कडेचं भोक दिसलं की लोक त्यात औषध सोडून बोळा कोंबतात. अहो, ते पुष्कळदा बाहेर पडण्याचं भोक असतं! प्रौढ भुंगा तिथून कधीच उडून गेलेला असतो. पण त्या भोकाचा आकार ओळखीसाठी फार कामाचा. गोल, लंबगोल, की एका बाजूला सपाट? अमेरिकेत अ‍ॅश झाडांचा फडशा पाडणारा पाचूसारखा हिरवा भुंगा जेमतेम तीन-चार मिलिमीटरचं, इंग्रजी 'डी' अक्षराच्या आकाराचं भोक पाडून बाहेर येतो. साल उचकटली की खाली अळीने कोरलेली नागमोडी वाट दिसते. या वाटा झाडाची अन्न वाहून नेणारी नळीच तोडतात, म्हणून झाड वरून वाळत येतं.

पानं खाणाऱ्या अळ्यांबद्दल थोडक्यात, कारण त्या दिसायला भयानक असल्या तरी झाड क्वचितच मारतात. सागाचंच बघा. पावसाळ्याच्या तोंडावर कोवळी पालवी फुटली की एक अळी मुख्य शिरा सोडून अख्खं पान फस्त करते. पुढे हंगामात दुसरी अळी येते, ती शिरांमधला हिरवा भाग तेवढा खाते आणि पानाची जाळी उरते. पहिली पानखाऊ, दुसरी जाळी करणारी. दोन्हींचे हंगाम वेगळे. साग पुन्हा पालवतो, मरत नाही. पण लाकूड भरत नाही, आणि हा तोटा डोळ्यांना दिसत नाही. केरळमधल्या निलांबूरच्या कोवळ्या सागवनांत या पानखाऊ अळीपायी लाकडाची संभाव्य वाढ तब्बल 44 टक्के बुडते, असं तिथल्या वन संशोधन संस्थेच्या अभ्यासात दिसलं. त्यावर उपाय म्हणून याच अळीला होणाऱ्या रोगाचा विषाणू तिथे वापरून पाहिला गेला. बाकी किड्यांना तो बाधत नाही, म्हणून मला तो रासायनिक औषधापेक्षा कधीही बरा वाटतो.

रोगाचं चित्र वेगळं असतं. भुसा नाही, भोक नाही, तरी झाड निस्तेज होत चाललंय, पानं लहान पडतायत, शेंडा मरतोय. मग बुंध्याजवळची साल थोडी काढून बघा. सालीखाली पंख्यासारखे पांढरे पापुद्रे, किंवा बुंध्यावर फळीसारखं कडक भूछत्र दिसलं, तर मूळकूज. ते भूछत्र उपटून काही साधत नाही, ती बुरशीची फक्त फळं. बुरशी मुळांतून शेजारच्या झाडाकडे सरकते, म्हणून चर खणून मुळांचा संपर्क तोडायचा आणि कापलेले खुंट जमिनीत सोडायचे नाहीत. चंदनावर पानं बारीक होऊन ताठ, गुच्छासारखी उभी राहिली, तर तो स्पाइक रोग. तिथे रोगट झाड काढण्यावाचून फारसा इलाज नाही.

आता व्यवस्थापन. माझा सगळ्यात आवडता उपाय शालवृक्षाच्या जंगलातला आहे. शालाचा खोडकिडा एरवी पडलेल्या, आजारी झाडांत वाढतो. संख्या हाताबाहेर गेली की धडधाकट झाडंही सोडत नाही. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात मध्य प्रदेशात हेच घडलं. पण या भुंग्याची एक खोड आहे: ताज्या कापलेल्या शालाच्या रसाचा वास आला की तो लांबून धावत येतो. म्हणून पावसाळा सुरू झाल्यावर, भुंगे बाहेर पडतात तेव्हाच, एखादं झाड तोडून त्याचे ओंडके करतात, साल ठेचून सैल करतात. भुंगे येतात, रस पितात, सुस्तावतात, आणि लोक ते हाताने वेचतात. रस आटला की टोक परत कापायचं. पावसाळ्याआधी वादळात पडलेली झाडं उचलली, तर एवढा खटाटोप कमीच करावा लागतो.

एक भाबडेपणा मात्र टाळा: "वाळलेलं प्रत्येक झाड काढा." भुंगे उडून गेलेलं जुनं, सुकं झाड तोडून किडीचं काहीच बिघडत नाही, उलट सुतारपक्ष्याचं घर जातं. काढायचं ते आत अजून अळ्या असलेलं झाड, आणि तेही भुंगे बाहेर पडायच्या आधी.

आणि जळाऊ लाकूड लांबवर नेऊ नका. अ‍ॅशचा तो हिरवा भुंगा मूळचा आशियातला. 2002 मध्ये तो मिशिगनमध्ये सापडला आणि पुढे जळणाच्या मोळ्यांबरोबर गावोगाव पोहोचला. आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीच्या लाकडी खोक्यांना आज 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटं तापवण्याचा जो नियम आहे, तो अशाच पाहुण्यांसाठी. त्या फळ्यांवर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो.

झाडाचा फोटो पाठवणार असाल, तर तीन पाठवा: पूर्ण झाड, बुंधा, आणि भोक किंवा भुसा, शेजारी मापासाठी नाणं ठेवून.