गंडम बघायचंय, पण गंडायचं नाहीये

एक पोरगं आहे, आल नावाचं. दहा-अकरा वर्षांचं. शाळेत लक्ष नाही, घरी आईबाप वेगळे राहतात, आणि डोक्यात चोवीस तास एकच खूळ, युद्ध. म्हणजे युद्ध म्हणजे काय ते त्याला माहीतच नाही, त्याला फक्त रोबोट माहितीयेत. एक दिवस शाळेवरून खरेखुरे रोबोट उडत जातात, त्यातला एक खाली कोसळतो, आणि हा पठ्ठ्या व्हिडिओ कॅमेरा घेऊन पळायचं सोडून त्याच्याच दिशेने धावत सुटतो. तिथे त्या पडलेल्या रोबोटचा पायलट त्याच्यावर पिस्तूल रोखतो. आणि आल काय करतो? घाबरतो थोडा, पण डोळे सगळे त्या पायलटच्या गणवेशावरच्या बिल्ल्यावर. शेवटी सौदा होतो, कॅमेऱ्यातली डिस्क पायलटला आणि बिल्ला आलला. दोघंही खूश.

हा सीन १९८९ च्या एका गंडम सिरीजचा आहे. गंडम म्हणजे जपानी ॲनिमेशन, माणसं आत बसून चालवतात त्या अवाढव्य रोबोटांच्या युद्धाच्या गोष्टी. आणि मला कोणी विचारलं ना की गंडम कुठून सुरू करू, तर माझं उत्तर इथून. आता जुने फॅन्स ओरडणार, माहितीये, ओरडू द्या.

आधी प्रॉब्लेम काय ते सांगतो. गंडम १९७९ पासून चालू आहे. टीव्ही सिरीज, सिनेमे, मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स, थेट व्हिडिओवर आलेल्या सिरीज, आणि वर हे सगळं एकाच गोष्टीत बसत नाही, वेगवेगळी विश्वं आहेत. नवीन माणूस यादी उघडतो, नावं वाचतो, झीटा, डबल झीटा, व्हिक्टरी, विंग, एक्स, टर्न ए, सीड, आणि यादी बंद करून झोपतो. नाव गंडम आणि सुरुवातीलाच सगळे गंडतात, मराठी माणसाने हा जोक करायचा नाही तर कोणी करायचा.

मीपण गंडलोच होतो. कुणीतरी म्हणालं झीटा बेस्ट आहे, १९८५ ची, पन्नास भाग, म्हटलं चला बेस्टपासूनच सुरुवात करू. पहिल्याच भागात काळा चष्मा लावलेला एक माणूस येतो, सगळे फॅन्स त्याला बघून उड्या मारतात आणि मी नुसता बघतोय की हा कोण बाबा, याच्यात एवढं काय आहे. तो कोण ते कळायला आधीची सिरीज बघायला लागते. अख्खी.

तर मग आधीची सिरीज. ७ एप्रिल १९७९, नागोया टीव्हीवर पहिला भाग लागला. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो, माणसं काढली योशिकाझू यासुहिको यांनी, यंत्रं कुनियो ओकावारा यांनी. त्याआधी जपानी टीव्हीवरचा रोबोट म्हणजे हिरो, दर आठवड्याला एक राक्षस येणार आणि हा त्याला हाणणार. इथे रोबोट म्हणजे सैन्याचं सामान झालं. कारखान्यात घाऊक बनतं, गोळ्या संपतात, हात तुटतो, रात्रभर मेकॅनिक बसून दुरुस्त करतात. आणि एवढे मोठे रोबोट लागतात कशाला याचंही कारण दिलंय बरं का, मिनोव्स्की नावाचे कण हवेत सोडले की रडार बंद पडतं, लांबून नेम धरता येत नाही, मग जवळ जाऊनच मारामारी करायला लागते. आता हे कारण ओढूनताणून आणलेलं आहे हे मान्य, पण आणलं तरी, बाकीच्यांनी तेही केलं नव्हतं.

गोष्ट थोडक्यात. माणसं अंतराळात कॉलनीत राहतात. आपली हौसिंग सोसायटीवाली कॉलनी नाही, किलोमीटरच्या किलोमीटर लांब नळकांडी, स्वतःभोवती फिरतात म्हणून आतल्या भिंतीवर उभं राहता येतं. त्यातल्या एका गटाने, झिऑनने, पृथ्वीच्या फेडरेशनशी स्वातंत्र्याचं युद्ध पुकारलं आणि पहिल्या काही आठवड्यातच निम्मी मानवजात मेली. निम्मी. हे पहिल्या भागाच्या सुरुवातीलाच निवेदक शांतपणे सांगून टाकतो. झिऑनचे हिरवे रोबोट ते झाकू, फेडरेशनचा पांढरा तो गंडम, अठरा मीटर उंच, आणि तो चालवायला लागतो आमुरो नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाला, आत बसून मॅन्युअल वाचत वाचत. समोर झिऑनचा पायलट शार, मुखवटा आणि लाल झाकू. बास, एवढं माहीत असलं की पुरे.

ही सिरीज तेव्हा चक्क पडली. बावन्न भाग ठरले होते, त्रेचाळीसवर गुंडाळली, कारण खेळणी विकणारा स्पॉन्सर नाराज. मधेमधे गंडमला एक जादाचं विमान जोडलंय ना, ते स्पॉन्सरला विकायला खेळणं हवं होतं म्हणून, तोमिनोंनी नंतर सिनेमांमधून ते गुपचूप काढूनच टाकलं. मग जुलै १९८० मध्ये बंदाई या खेळण्यांच्या कंपनीने तीनशे येनला प्लास्टिकचं मॉडेल किट काढलं आणि सगळंच फिरलं. पडलेली सिरीज खोक्यातून परत उठली.

म्हणून मूळ गोष्ट बघायची तर टीव्हीवाली नको, १९८१-८२ चे तीन सिनेमे बघा. त्रेचाळीस भागांचं सार, प्रत्येकी सव्वादोन तासांच्या आसपास. टीव्हीच्या शेवटी यासुहिको आजारी पडून हॉस्पिटलमध्ये होते त्यामुळे चित्रं ढासळलेली दिसतात, तिसऱ्या सिनेमासाठी त्यांनी बरीच चित्रं नव्याने काढली आणि तो फरक डोळ्याला लगेच कळतो. पहिल्या सिनेमात आमुरो आईला भेटायला जातो तो सीन नीट बघा. शत्रूचे सैनिक येतात, आमुरो पांघरुणाआडून गोळी झाडतो, आणि आई त्याच्याकडे अशी बघते की हा माझा मुलगा नाहीच. तिला वाटतं समोरच्यालाही घरदार असेल. त्याला वाटतं मी मेलो असतो तर. दोघंही बरोबर आहेत आणि तो परत आपल्या अंतराळजहाजावर निघून जातो.

वाचायची सवय असेल तर यासुहिकोंनीच हीच गोष्ट मांगात परत सांगितलीये, द ओरिजिन, २००१ ते २०११. माझ्या मते चित्रं म्हणून हे गंडममधलं सगळ्यात देखणं काम. पण जपानीत तेवीस खंड आहेत, चाखून बघायची ही गोष्ट नाही.

झिऑन-फेडरेशनचं हे युद्ध नकोच असेल तर स्वतंत्र विश्वं आहेत, मागचं काही माहीत लागत नाही. आयर्न-ब्लडेड ऑर्फन्स, २०१५, मंगळावर राबवून घेतलेली पोरं स्वतःची टोळी बनवतात, रडायची तयारी ठेवा. द विच फ्रॉम मर्क्युरी, २०२२, शाळा, द्वंद्वयुद्ध आणि कंपन्यांचं राजकारण, फक्त त्याचा प्रोलॉग आधी बघा, नाहीतर नंतर डोकं खाजवाल. आणि १९९४ ची जी गंडम, तिथे देश एकमेकांशी युद्ध करायच्या ऐवजी चार वर्षांनी गंडमची कुस्ती लावतात, हॉलंडचा गंडम म्हणजे पवनचक्की, आपला निओ इंडियाचा कोब्रा गंडम. हो, गारुडीच. राग धरू नका, तिथे कुणालाच सोडलेलं नाही.

२०२५ ची जीक्वॅक्स मात्र पहिली लावू नका. बघायला भारी आहे, पण अख्खी गंमत १९७९ ची गोष्ट उलटी झाली असती तर यावर आहे, आणि मूळ माहीत नसेल तर उलटं काय झालं तेच कळणार नाही.

तर आल. सिरीजचं नाव वॉर इन द पॉकेट, सहा भाग, दिग्दर्शक फुमिहिको ताकायामा, तोमिनोंशिवाय दुसऱ्या कोणी केलेली पहिली गंडम सिरीज. मी इथून सुरू करा म्हणतो ते छोटी आहे म्हणून नाही, म्हणजे छोटी आहे हा फायदाच. पण आपण सगळे रोबोट बघायला येतो ना, आल पण तसाच आलाय. पायलट बर्नी हा कसलेला सैनिक वगैरे काही नाही, नवशिका, फेकाफेकी करणारा, आणि आलला तो जगातला सगळ्यात मोठा हिरो वाटतो. शेजारी राहणारी ख्रिस बर्नीला आवडायला लागते. ख्रिस काय काम करते ते बर्नीला माहीत नाही. तुम्हाला माहीत असतं. आणि नाताळ जवळ येत चाललाय.

पाचवा आणि सहावा भाग सलग बघा, मधे चहाला उठू नका. अगदी शेवटी परत तीच शाळा येते, मुख्याध्यापकांचं भाषण चालू असतं, आणि आलचे मित्र त्याची समजूत काढायला दोन वाक्यं बोलतात, पोरं आहेत, मनापासून बोलतात. ती मी इथे सांगणार नाही. ती ऐकून झाली की १९८१ चा पहिला सिनेमा लावा.