संत्र्याची वाइन: खरं काम सोलण्याचं

(दृश्य: इंग्लंडमधलं एक स्वयंपाकघर, जानेवारी. ओट्यावर जाळीच्या पिशव्यांत संत्री.)

हे चित्रण महाराष्ट्रातल्या घरात करता आलं नसतं. १९४९च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे आपल्याकडे परवान्याशिवाय वाइन करणं गुन्हा आहे. इंग्लंडमध्ये घरच्यापुरती केली तर कुणी विचारत नाही; विकायची म्हटली की परवाना आलाच.

फळं स्पेनची, क्लेमेंटाइन. नागपुरी संत्र्याच्याच गोतातली: सैल साल, सुट्या फोडी. वरूड-मोर्शीकडचा माणूस एक फोड तोंडात टाकून म्हणेल, आपल्या आंबिया बहाराची सर नाही. नसेलही.

(दृश्य: हात जवळून. फोडीवरच्या पांढऱ्या शिरा नखानं ओढल्या जातायत.)

सगळा वेळ इथेच जातो, आणि जाऊ द्यावा. संत्रं सोलून खाल्लं तर गोड. त्याचाच रस काढून ठेवला, की काही तासांत कडवट. फळात एक बेचव द्रव्य असतं. रस काढला की आंबटपणामुळे त्याचं लिमोनिन होतं, आणि ते चांगलंच कडू. पांढऱ्या शिरांत आणि बियांत हे द्रव्य भरपूर. म्हणून शिरा काढायच्या, बिया वेचायच्या, आणि रस हातानं, हलकेच पिळायचा. मिक्सरमध्ये बियांसकट फिरवलेल्या रसाची वाइन कुणाला पाजू नये.

वरची केशरी साल मात्र थोडी किसून घ्यावी, वासासाठी. थोडीच. सालीतलं तेल जास्त झालं तर यीस्ट मान टाकतं.

(दृश्य: काचेचा साडेचार लिटरचा बुधला, इथे त्याला डेमीजॉन म्हणतात.)

रस अडीच लिटर, साखर सहाशे ग्रॅम, बाकी उकळून गार केलेलं पाणी. फेसासाठी गळ्याशी जागा सोडायची. हिशोब सोपा आहे: लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का अल्कोहोल. रसात लिटरला शंभरेक ग्रॅम साखर असते, म्हणजे नुसत्या रसाची वाइन सहा टक्क्यांच्या आत राहील, आणि ती टिकणार नाही. वरच्या साखरेनं आकडा अकराच्या आसपास जातो.

मग अर्धा कप कोरा कडक चहा. हसू नका, इथल्या घरगुती वाइनवाल्यांची ही जुनी रीत आहे. वाइनला तुरटपणा देणारं टॅनिन संत्र्यात जवळजवळ नाही, ते चहातून येतं. फळातलं चिकट पेक्टिन फोडणारं एन्झाइमही हवं, नाहीतर वाइन गढूळच राहते. यीस्ट वाइनचंच, पावाचं चालतं, पण वास पावाचा येतो. डब्यातला रस वापरणाऱ्यांनी डब्यावरची बारीक अक्षरं वाचावीत. सोडियम बेंझोएट असेल तर यीस्ट उठणारच नाही.

(दृश्य: बुधल्याच्या तोंडावरचा एअरलॉक, म्हणजे वायू बाहेर सोडणारं पण हवा आत न घेणारं बूच. त्यातून बुडबुडे.)

वीस अंशांच्या आसपास दोन-तीन आठवडे. बुडबुडे थांबले, तळाशी साका बसला, की नळीनं वरची वाइन दुसऱ्या बुधल्यात ओढायची. साका आत येऊ द्यायचा नाही.

(दृश्य: बाटल्या भरणं.)

बाटलीत भरण्याआधी हायड्रोमीटरचा, म्हणजे घनता मोजणाऱ्या तरंगत्या नळीचा, आकडा एक हजाराच्या (पाण्याच्या आकड्याच्या) खाली उतरून काही दिवस तिथेच थांबलेला हवा. गोड आवडणाऱ्यांनी साखर पेल्यात घालावी. बाटलीत घातली, तर उरलेलं यीस्ट पुन्हा कामाला लागतं आणि बाटली फुटते.