छुट्टीची वाट पाहू नका

नमस्कार श्रोतेहो. काटोल, सावनेर, उमरेडपासून कामठीपर्यंत ज्या घरातला माणूस फौजेत आहे, त्या घरच्या वहिनींशी आज मला बोलायचंय.

माझे यजमान फील्डमध्ये होते आणि मी इथे, सासूबाई आणि दोन पोरांसोबत. जिना चढला की धाप लागायची, दुपारी डोळ्यांपुढे अंधारी यायची. फोनवर ते विचारायचे, "तब्येत कशी आहे?" मी म्हणायची, "बरी आहे." बर्फात उभ्या माणसाच्या जिवाला घोर कशाला? छुट्टीवर आले की दाखवू, असं करत आठ महिने काढले. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या मात्र एक दिवस चुकू दिल्या नाहीत. शेवटी शेजारच्या ताईंनी हाताला धरून कामठीच्या एमएचला, म्हणजे फौजेच्या मिलिटरी हॉस्पिटलला नेलं. हिमोग्लोबिन सात निघालं.

तिथे जाणं आता तेवढं अवघड नाही. मेट्रोने ऑटोमोटिव्ह चौक, पुढे कामठी रोडने ऑटो. अडतं ते कागदावर. लग्न झालं, बाळ झालं की यजमानांच्या युनिटमधून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे बायको-पोरांची नावं फौजेच्या नोंदीत चढवणारा कागद, निघावी लागते. माझ्या धाकट्याची राहून गेली होती, आणि तापाने फणफणलेलं लेकरू कडेवर घेऊन मी खिडकीशी उत्तरं देत बसले. म्हणून आजार येण्याआधीच विचारा, "आपल्या सगळ्यांची नावं चढली का?" निवृत्त झालेल्यांसाठी १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे, त्याचं कार्ड कपाटात नको, पर्समध्ये ठेवा.

आणि मनाचं? बाप वर्षाने घरी येतो आणि पोरगं आईच्या पदराआड लपतं. दोघांनाही ते लागतं, बोलत कोणीच नाही. रात्र रात्र झोप येत नसेल, उगाच रडू येत असेल, तर १४४१६ लावा. टेलिमानस या मनाच्या आरोग्याच्या हेल्पलाइनचा हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. त्यात कमीपणा काहीच नाही, बाई.

त्या संध्याकाळी मी यजमानांना हिमोग्लोबिनचा आकडा सांगितला. कितीतरी वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "मला सांगायचं होतंस." त्यानंतर त्यांचा प्रत्येक फोन एकाच प्रश्नाने सुरू व्हायचा: "आजची गोळी घेतलीस?"